बिसि पीस

उद्यमबागेत ज्यांच्या घरातलं कुणी नोकरीला आहे, त्यांनी 'पीपॅप' हा शब्द रात्रीच्या जेवणावर एकदा तरी ऐकलेला असतो. 'आज उशीर होईल, पीपॅपची फाईल आहे,' एवढं म्हटलं की आमच्या घरी पुढचे प्रश्न बंद होत. फक्त सासूबाईंना तो काय प्रकार आहे ते हवं होतं. आमच्या सौ.चं माहेर गोकाकचं. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मी त्यांना सांगितलं, की लग्नाआधी मुलगी बघायला येतात ना, तसंच. नवा पार्ट गिऱ्हाइकाला नेहमीसाठी द्यायच्या आधी तो दाखवायचा, त्याचं कूळ-मूळ कागदावर मांडायचं, पसंती आली की मग पुढचा व्यवहार. त्या म्हणाल्या, मग खोटंही तेवढंच सांगत असाल. मी हसलो. ते वर्ष २००९.

आमचा कारखाना म्हणजे दोन शेड आणि नऊ मशीन. फौंड्रीतून बीडाचं कास्टिंग यायचं, आम्ही त्याला बोअर मारून, ड्रिल करून पुण्याकडे पाठवायचो. त्या वेळी हातात होता एक ब्रॅकेट. त्यात बेअरिंग बसायचं, म्हणून बोअर ५२ मिलिमीटरचा, कमीत कमी ५२.००० आणि जास्तीत जास्त ५२.०३०. म्हणजे सगळा खेळ ३० मायक्रॉनचा.

पीपॅपचं पुस्तक अमेरिकेतल्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांनी मिळून १९९३ मध्ये काढलं. आमच्या टेबलावर असायची ती २००६ ची चौथी आवृत्ती. त्यात १८ बाबी. ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला गोल करून नंबर द्यायचा, त्या नंबराप्रमाणे मोजमापाचा तक्ता, मालाचा टेस्ट रिपोर्ट, प्रोसेस फ्लो, कंट्रोल प्लॅन, जपून ठेवलेला मास्टर सॅम्पल. गिऱ्हाइकाने वेगळं काही सांगितलं नसेल तर सलग ३०० पीस नेहमीच्याच मशीनवर, नेहमीच्याच वेगाने काढायचे आणि नमुने त्यातूनच घ्यायचे. सगळ्यावर एक पान, पार्ट सबमिशन वॉरंट. हा माल आमच्या रोजच्या कामाचा खरा नमुना आहे, असं त्यावर लिहिलेलं असतं आणि खाली सही. ती सही माझी.

या १८ मध्ये एफएमईए म्हणून एक तक्ता असतो. काय काय बिघडू शकतं ते आधीच बसून शोधायचं. बिघाड किती गंभीर, किती वेळा होईल, पकडला जाईल का, याला १ ते १० गुण देऊन त्यांचा गुणाकार करायचा. (२०१९ च्या नव्या पुस्तकात तो गुणाकार गेला, त्याचं मला काही वाईट वाटलं नाही.) हा तक्ता सगळ्यांनी मिळून करायचा असतो, म्हणून वर टीमची नावं लिहायची जागा असते. त्यात मी अण्णांचं नाव टाकलं होतं. अण्णा आमचे सर्वांत जुने ऑपरेटर. शाळा कन्नडमधून, मराठी आमच्याइतकंच चांगलं. तक्ता मात्र मी केबिनमध्ये बसून, जुन्या फाईलवरून इंग्रजीत उतरवला. अण्णा तेव्हा मशीनवर होते.

मग आली गेज आर अँड आर. मोजणारं साधन आणि मोजणारी माणसं यांच्यामुळेच मापात किती फरक पडतो, ते काढायची ही पद्धत. १० पीस, ३ माणसं, प्रत्येकाने प्रत्येक पीस ३ वेळा मोजायचा, म्हणजे ९० आकडे. उत्तर १० टक्क्यांच्या आत आलं तर उत्तम, १० ते ३० च्या मध्ये आलं तर गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, ३० च्या वर गेलं तर नापास. आमचं आलं ३४.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाईल कुरिअरने जायची होती. मालक वाईट नव्हते. एवढंच म्हणाले, 'नव्वद आकडे आहेत हो. त्यातले दहाबारा इकडेतिकडे झाले तर कुणाला कळतंय?' रात्री घरी जेवणाच्या टेबलावर मी अकरा आकडे बदलले. ९ वर आणायची लाज वाटली, म्हणून १४ वर थांबलो. पेन्सिलने लिहिलेली मूळ शीट फाडावी असं मनात आलं होतं, पण ती बॅगेच्या आतल्या कप्प्यात राहिली.

पार्ट मंजूर झाला. तीन महिन्यांनी तक्रार आली, की बेअरिंग घट्ट जातं, बोअर लहान आहे. पीस निवडून वेगळे करायला मी आणि अण्णा रात्रीच्या बसने निघालो. सकाळी गिऱ्हाइकाच्या गोदामात पहिले दहा पीस मोजले, त्यातले तीन ५२ च्या खाली. आमच्या रजिस्टरमध्ये असं एकही माप नव्हतं. मी गेजवर संशय घेतला, सेटिंग रिंगवर घेतला, त्यांच्या इन्स्पेक्टरवरही घेतला. अण्णा पीस हातात घेऊन उभे होते. म्हणाले, 'नम्म कडे बिसि इर्ताव. इल्लि तण्णग.'

आपल्याकडे गरम असतात, इथे गार. मशीनवरून उतरलेला पीस हाताला चटका देत नाही, पण कोमट असतो. बीडाचा ५२ चा बोअर १५ अंशांनी जास्त गरम असला तर सुमारे ८ मायक्रॉन मोठा दिसतो. ३० मधले ८! मशीनपाशी ५२.००२ म्हणून पास केलेला पीस पुण्याकडे पोचेपर्यंत ५१.९९४ झालेला. फाईलसाठी मोजलेले पीस रात्रभर टेबलावर पडून गार झालेले होते, म्हणून तो तक्ता सुरेख आला. आणि ते ३४ टक्केही त्यामुळेच. काही पीस पहिल्यांदा मोजले तेव्हा नुकते उतरलेले होते, तिसऱ्यांदा मोजले ते जेवणानंतर.

'अण्णा, हे आधी का नाही सांगितलंत?'

'यार केळिद्रि?' कुणी विचारलं?

परत आल्यावर मशीनपाशी एक मांडणी केली, पंखा लावला. पीस गार झाल्याशिवाय गेज लावायचं नाही, असं कार्ड मराठी आणि कन्नड दोन्हींत करायचं ठरलं. कन्नड मजकूर मीच लिहिला, 'बिसि पीस अळबेडि', आणि घरी सौ.ला दाखवला. ती हसून हसून खुर्चीत बसली. मी लिहिलं होतं, गरम पीस, रडू नका. मोजू नका म्हणायला 'अळेयबेडि' लागतं. शेवटी कार्ड तिच्या अक्षरात झालं.

अभ्यास नव्याने केला. ३ माणसांत अण्णा होतेच. सगळे पीस गार, एकही आकडा न बदलता उत्तर आलं १७. मी कॅल्क्युलेटर दोनदा चालवला. १७ च.

गिऱ्हाइकाचा इंजिनिअर फाईल बघायला आमच्याकडे आला. तरुण पोरगा, पण पानं नीट वाचणारा. दोन तक्ते शेजारी ठेवून म्हणाला, 'सर, सुधारणा तुम्ही आता केलीत. मग आधी १४ आणि आता १७ कसं?'

मालक खिडकीबाहेर बघू लागले. उत्तर तयार होतं, गेज वेगळं होतं म्हणून सांगता आलं असतं. मी बॅगेतून ती पेन्सिलची शीट काढली. 'आधीचे १४ आमचे नव्हते. आमचे हे, ३४.'

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने शीटची झेरॉक्स मागितली आणि स्वतःच्या हाताने फाईलला स्टेपल केली. मंजुरी त्या दिवशी दिली नाही. सहा आठवडे प्रत्येक पीस गार करून शंभर टक्के तपासून पाठवा, म्हणाला. तो खर्च आमचा. मालक माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

निघताना तो मशीनपाशी थांबला. कार्ड वाचलं, त्याला कन्नड येत नव्हतं, मराठी वाचलं. वेळ लिहिलेली नाही, म्हणाला. मग अण्णांकडे वळला.

'काका, गार व्हायला किती वेळ लागतो?'

अण्णांनी हात पुसले. 'पंखा असला तर चाळीस मिनिटं. लाईट गेली तर दीड तास धरा.'

त्याने खिशातली डायरी काढून ते लिहून घेतलं.