संन्याशाला चापट

संध्याकाळी सातच्या सुमाराला आमच्या घरात एक आवाज येतो. तळहातावर प्लास्टिक आपटल्याचा. टप्. मग क्षणभर काही नाही. मग पुन्हा टप्, टप्. मालिका सुरू व्हायची वेळ झाली आहे आणि रिमोट आईचं ऐकत नाही, हे आतल्या खोलीत बसूनही कळतं.

रिमोट सेट टॉप बॉक्सचा. टीव्हीचा वेगळा आहे, पण तो फ्रिजवर पडून असतो, त्याला कुणी विचारत नाही. हा मात्र आईच्या मर्जीतला. तेलाचा हात लागतो म्हणून तिने त्याला पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घातलंय, वर दोन रबरबँड. पिशवी सगळीकडे चकचकीत, फक्त आवाज वाढवायच्या बटणावर पांढुरकी झालेली. अंगठा बसेल एवढा खळगा पडलाय तिथे. कान कमी ऐकू येऊ लागल्याचं आई मान्य करत नाही. तो खळगा करतो.

माझा संशय पहिल्यापासून पिशवीवर. "अगं, त्याला श्वास तरी घेऊ दे," मी म्हणायचो. "नवीन आणायला तू पैसे देणारेस का?" हे ठरलेलं उत्तर.

बंद पडलेल्या रिमोटवर घराघरात जे उपचार होतात, ते क्रमाने झाले. आधी चापट. मग मागचं झाकण सरकवून सेल बोटाने गोल फिरवणं. हा अडाणीपणा नाही बरं का. स्प्रिंगवर आणि सेलच्या टोकावर गंजाचा पातळ थर धरतो, फिरवल्यावर तो खरवडला जातो आणि दोन-चार दिवस रिमोट पुन्हा शहाण्यासारखा वागतो. शेजारच्या काकांनी सेल उन्हात ठेवायला सांगितले. तेही ठेवले, खिडकीत, लोणच्याच्या बरणीशेजारी. उबेने आतली रासायनिक क्रिया जरा वेग धरते, एवढंच. मेलेला सेल काही उठून बसत नाही. शेवटी नवे आणले. दीड-दीड व्होल्टचे दोन, मिळून तीन. जुने टाकताना टोकं पाहून घेतली, कारण मागे एका रिमोटमध्ये अल्कलाइन सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरी भुकटी साचली होती, आणि ती कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून पुसावी लागली होती. या वेळी तसं काही नव्हतं.

नव्या सेलांनिशीही रिमोट लहरीच. खिडकीजवळच्या खुर्चीतून चाले, आईच्या दिवाणावरून नाही. दोन चापटा मारून तिने हात डोक्याच्या वर नेऊन दाबलं की मात्र चाले. "बघ, मार खाल्ल्याशिवाय ऐकत नाही," ती म्हणे, आणि माझ्याकडे अशी बघे की हा सिद्धांत तिने आणखी कुठे वापरला होता ते मला आठवावं.

मग मला फोनची आठवण झाली. रिमोटच्या नाकाशी जो छोटा दिवा असतो तो बटण दाबल्यावर लागतो, पण त्याचा उजेड आपल्याला दिसत नाही. साधारण 940 नॅनोमीटरचा तो. आपली नजर 700च्या थोडं पुढे जाऊन थकते. फोनच्या कॅमेऱ्याला मात्र दिसतो. मागच्या कॅमेऱ्यावर बहुतेकदा असा उजेड अडवणारी काच असते, म्हणून पुढचा, सेल्फीचा कॅमेरा बरा. मी दिवाणावर आईशेजारी बसलो, दिवे मालवले, फोन समोर धरला. "आता याच्याकडे रोखून दाब."

फोनच्या पडद्यावर आई दिसली. तिने आधी पदर सारखा केला, कपाळावरचे केस मागे घेतले. मग रिमोट रोखून आवाज वाढवायचं बटण दाबलं. तिच्या मुठीच्या टोकाला जांभळट पांढरा ठिपका थरथरला. "अगं बाई!" तिने पुन्हा दाबलं. पुन्हा ठिपका. मग तिने एकेक करून सगळी बटणं दाबली, कधी हात न लावलेलीसुद्धा. ती खूश. मी जरा ओशाळलो, कारण ठिपका पिशवीतून येत होता, लख्ख.

तो ठिपका सलग नसतो. सेकंदाला साधारण 38 हजार वेळा लुकलुकतो. खोलीत ऊन असतं, दिवे असतात, त्या गर्दीत बॉक्सला आपल्या रिमोटची हाक ओळखता यावी म्हणून ही युक्ती. 1955 साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी बिनतारेचा पहिला टीव्ही रिमोट केला, तेव्हा ही अक्कल यायची होती. तो होता बंदुकीसारखा टॉर्च. पडद्याच्या चार कोपऱ्यांत उजेड ओळखणारे डोळे. खिडकीतून ऊन पडलं की टीव्ही आपणहून कारभार करू लागे. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी उजेड सोडून आवाज धरला. रिमोटमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या कांड्या, बटण दाबलं की हातोडी त्यावर पडे आणि माणसाच्या कानापलीकडचा नाद टीव्हीला ऐकू जाई. त्यात सेल नव्हताच. विक्री खात्याचा आग्रह होता: सेल संपला की गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला असं समजेल. ते गिऱ्हाईक आमच्या आईच्या बरोबर उलटं म्हणायचं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची रीत दोघांची एकच, संन्यासी तेवढे वेगळे.

कारण दिवा लागत होता. म्हणजे बोलणारा बोलत होता. मी उठून पहिल्यांदाच बॉक्सपाशी गेलो.

बॉक्सवर क्रोशाचा रुमाल होता. धूळ बसू नये म्हणून आईने दिवाळीच्या साफसफाईत घातलेला, स्वतः विणलेला, पांढऱ्या दोऱ्याचा, कडेला कमळांची झालर. झालर पुढून चार बोटं खाली आली होती आणि मधलं कमळ बरोबर बॉक्सच्या डोळ्यावर. खिडकीजवळच्या खुर्चीतून दोन पाकळ्यांमधली फट सापडत होती. दिवाणावरून पाकळीच आड येत होती. चापट मारून हात वर नेला की कोन बदले आणि उजेड फटीत शिरे. मार वाया जात होता, हात वर गेल्याचं काम होत होतं.

मी रुमाल उचलला आणि म्हटलं, आता दाब. टीव्ही एकदम मोठ्याने बोलू लागला.

आई काही बोलली नाही. रुमालाची घडी करून तिने ती बॉक्सखाली सारली, झालर पुढे दिसेल अशी. पिशवी मात्र काढू दिली नाही, आणि तिचंच बरोबर आहे. इतकं पातळ पारदर्शक प्लास्टिक त्या उजेडाला अडवत नाही. दोऱ्याचं कमळ अडवतं.