पोळीवाचून काय अडले?

बोरसीतल्या त्या घरात संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पोळपाटाचा आवाज सुरू व्हायचा. आजींचा हा नेम पन्नास वर्षांचा. १९६८ मध्ये लग्न होऊन त्या अमरावतीकडून भिलाईला आल्या, तेव्हा पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू होऊन नऊ वर्षे झाली होती. यजमानांची नोकरी तीन पाळ्यांची. माणूस कोणत्याही वेळी घरी येवो, त्याच्या ताटात गरम पोळी पडलीच पाहिजे, हा त्यांच्या संसाराचा पहिला नियम. पुढे सेक्टरमधले क्वार्टर सुटले, निवृत्तीनंतर बोरसीत स्वतःचे घर झाले, सून आली, नात झाली. पण लाटणे काही आजींनी कुणाच्या हाती दिले नाही.

म्हणूनच डॉक्टरांनी सात वर्षांच्या नातीच्या कागदावर ‘गहू पूर्ण बंद, कायमचा’ असे लिहिले, तेव्हा सर्वांत मोठा धक्का कुणाला बसला असेल, हे वेगळे सांगायला नको.

पोर कृश होती. पोट पुढे आलेले, हातपाय काटकुळे. वर्गात उंचीप्रमाणे रांग लावली की सर्वांत पुढे हीच. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, आणि रक्त तर सदैव कमी. दोन वर्षे जंतांची औषधे झाली, लोहाची टॉनिके झाली, आजींनी मीठ-मोहरीने दृष्टही काढली. ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ एवढे एकच वाक्य घरात पुन्हापुन्हा बोलले जाई. ते वाक्य शब्दशः खरे आहे, हे रायपूरच्या एका बालरोगतज्ज्ञांनी सांगेपर्यंत कुणाला ठाऊक नव्हते.

त्यांनी रक्ताची एक विशेष तपासणी करून घेतली. ‘गहू बंद करून बघा’ असे एका नातेवाईक बाईंनी आधीच सुचवले होते आणि सुनेच्या मनातही तेच होते. डॉक्टरांनी मात्र हात वर करून थांबवले. तपासणीआधी गहू बंद केला तर रक्तातली खूण पुसट होते आणि आजार असूनही सापडत नाही. रक्तात खूण मिळाली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला गेला आणि नाव कळले, सिलिॲक.

आतड्याची मखमल

आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्नातले लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे ही लव शोषून घेते. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो तो त्याचाच. सिलिॲक झालेल्या माणसाच्या शरीराची संरक्षक यंत्रणा या ग्लुटेनमुळे बिथरते आणि स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. लव झिजून सपाट होते. मग तूप घाला, बदाम घाला, सगळे वाहून जाते. यावर अजून तरी गोळी नाही. ग्लुटेन पूर्ण बंद केले की मात्र ती लव हळूहळू पुन्हा उगवते.

ही गोष्ट जगाला कळली तीही एका उपासमारीतून. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना ब्रेडविषयी आधीपासून शंका होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे त्या देशात पाव मिळेनासा झाला. लोक भुकेने हैराण, पण हा आजार असलेली मुले सुधारली! पाव पुन्हा मिळू लागताच ती परत आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा हा संबंध मांडला.

आपल्याकडे हा ‘परदेशी’ आजार असल्याचा समज बरीच वर्षे होता. आता कळले आहे की, उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला तो असतो. भात खाणाऱ्या दक्षिणेत तो फारच कमी आढळतो.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. सिलिॲक ही ॲलर्जी नव्हे. गव्हाची, शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असली तर बहुधा थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडतो. तेव्हा घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठावा लागतो. सिलिॲकमध्ये असे काही लगेच दिसेलच असे नाही. एक तुकडा खाऊन पोर हसतखेळत असते आणि आत आतडे झिजत असते. घरातल्या मोठ्यांना पटत नाही ते यामुळेच.

आजींनाही पटले नाही. ‘‘गहू म्हणजे काय विष आहे का?’’ त्या सुनेला म्हणाल्या. ‘‘आमच्या सात पिढ्या पोळीवर वाढल्या.’’

हिंगाची डबी

सुनेने कंबर कसली. वेगळा तवा, वेगळी परात, वेगळे डबे आणले. ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यात नातीची भजी तळायची नाहीत, असे ठरले. रवा, मैदा, शेवया, दलिया, बिस्किटे, पाव हे तर उघडच होते. पण गहू लपूनही बसतो, हे तिला हळूहळू कळत गेले. मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत गहू, सातूच्या पिठात जव किंवा गहू, सोया सॉसमध्ये गहू. गिरणीत आधी कुणी गहू दळला की मागून दळलेल्या ज्वारीच्या पिठात तो मिसळणारच.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. आकडा थोडा उतरला होता, पण जेवढा उतरायला हवा तेवढा नाही. ‘‘कुठून तरी गहू पोटात जातो आहे,’’ डॉक्टर म्हणाले.

त्या रात्री सुनेने फडताळातला एकेक डबा ओट्यावर काढून वाचला. शेवटी फोडणीच्या हिंगाची डबी हाती लागली. बारीक अक्षरांत लिहिले होते, खाण्याचा डिंक, मैदा, हिंग. शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारातल्या बऱ्याच हिंगांत असे पीठ मिसळतात. म्हणजे रोजच्या वरणातच गहू! सुनेला रडू कोसळले.

आजी दारात उभ्या होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘एकट्या हिंगाने नाही झालं ते. मीच देत होते. दुपारी तू शाळेत शिकवायला गेलीस की अर्धी पोळी, तूप-साखर लावून. गुंडाळी करून द्यायची. पोरगी माझ्याकडे बघत बसायची गं, मला पाहवत नव्हतं.’’

सून काय बोलली असती? बोलण्यासारखे खूप होते. दोन सुया, एक दुर्बीण, सहा महिने. पण समोर पंच्याहत्तरीच्या सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. ती एवढेच म्हणाली, ‘‘आई, तुम्ही मायेनेच दिलंत. पण तिच्या पोटाला माया नाही कळत, फक्त गहू कळतो.’’

दुसऱ्या दिवशी हिंगाची डबी कामवालीला गेली. आणि आजींनी विचारले, ‘‘तिचा तो वेगळा तवा कुठला? आजपासून त्याच्यावर मी बसणार.’’

धानाच्या मुलखात

आता खरी गंमत सुरू झाली. मायेची जागा बदलायची होती, माया नव्हे. गव्हाने दार बंद केले, तेव्हा आजींना आठवले की त्यांच्या स्वतःच्या लहानपणी अमरावतीकडे रोजची पोळी कुठे होती? पोळी सणाला. रोज ज्वारीची भाकर, ज्वारीच्या कण्या, धिरडी. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीची आंबील. पन्नास वर्षांत हे सगळे मागे पडले होते.

शेजारच्या छत्तीसगढी बाईंना बातमी कळली तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून हसल्याच. ‘‘गहूं नइ खावय त का होइस, चाउर तो हे न!’’ गहू नाही खात तर काय झाले, तांदूळ तर आहे ना! ज्या प्रदेशाला धानाचा कटोरा म्हणतात तिथे राहून गव्हासाठी रडायचे? त्यांनी आजींना ओट्याशी उभे राहून चीला शिकवला, तांदळाच्या पिठाचे पातळ धिरडेच ते, बरोबर टोमॅटोची चटणी. मग वाफवलेला फरा, तांदळाच्या पिठाच्या पुऱ्या म्हणजे चौसेला, पळसाच्या पानात निखाऱ्यावर भाजलेली अंगाकर रोटी. अइरसा चाखताच आजी उद्गारल्या, ‘‘अहो, हे तर आमचे अनारसे!’’ पोळ्याच्या सणाची ठेठरी बेसनाची म्हणून चालली. खुरमीत गहू म्हणून ती वर्ज्य. देवाणघेवाणही झाली. शेजारणीच्या घरी आता ज्वारीची भाकर थापली जाते, जमेल तशी.

पण नुसत्या भातावर आणि साबुदाण्यावर मूल धष्टपुष्ट होत नाही, हेही डॉक्टरांनी बजावले होते. बाजारातली ‘ग्लुटेन-फ्री’ बिस्किटे आणि केक महाग असतातच, शिवाय त्यांत बहुतेक वेळा साखर आणि स्टार्चच अधिक, चोथा कमी. म्हणून घरच्या ताटात ज्वारी आणि नाचणी फिरती ठेवली. कोदो आणि आपल्या वरीची बहीण कुटकी हीही आली. २०२३ हे वर्ष भारताच्याच पुढाकाराने जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. छत्तीसगडच्या आदिवासी भागात मात्र ही धान्ये कधीपासूनच घरची. सोबत डाळी, अंडी, दही, लाल भाजी आणि मुनग्याचा पाला. सुरुवातीचे काही आठवडे दूध पचत नव्हते, आतडे सुधारले तसे तेही पचू लागले. दिवाळीच्या बोनसमधून मुलाने घरगुती चक्की आणली. तिच्यात गव्हाचा दाणा घालायचा नाही, अशी चिठ्ठी नातीने स्वतः तिच्यावर चिकटवली.

दुकानातून काही आणायचेच झाले तर सून पाकीट उलटे करून वाचते. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिता येते. गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन अशा त्रासदायक ठरू शकणाऱ्या गोष्टींचा उल्लेखही पाकिटावर करावाच लागतो. ते वाचायला एक मिनिट लागतो.

पुढच्या तपासणीत आकडा निम्म्याहून खाली आला. त्यानंतरच्या वर्षी तो जवळजवळ नेहमीसारखा झाला. शाळेच्या रांगेत पोर सर्वांत पुढून चौथी झाली, आणि घरात यावर पेढे वाटले गेले.

म्हणून काही घरातल्या सर्वांनी गहू सोडला असे नाही. ज्याला त्रास नाही त्याने निव्वळ फॅशन म्हणून गहू टाकण्यात अर्थ नाही. आजोबांच्या ताटात आजही पोळी पडते, पण ती सून करते, वेगळ्या कोपऱ्यात, नातीचे जेवण झाकून ठेवल्यावर.

प्रसाद

एक प्रश्न मात्र उरला होता. श्रावणात घरी सत्यनारायण. प्रसादाला सव्वा मापाचा रव्याचा शिरा. आदल्या वर्षी नातीला पेढ्यावर समजावले होते, आणि सगळी मुले द्रोणातला शिरा चाटूनपुसून खात असताना ती खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. प्रसादाला नाही म्हणू नये, असे तिला शिकवलेही आजींनीच.

या वर्षी पूजेच्या आठ दिवस आधी आजींनी चष्मा लावला आणि पोथी उघडली. कथा त्यांनी चाळीस-पन्नास वेळा ऐकली होती, पण हात जोडून, मन स्वयंपाकघरात ठेवून. पहिल्याच अध्यायाच्या शेवटी प्रसादाचे साहित्य सांगितले आहे. केळी, तूप, दूध, गव्हाचे पीठ. आणि लगेच पुढे, ते नसेल तर तांदळाचे पीठही चालेल, साखर नसेल तर गूळही.

आजींनी ती ओळ दोनदा वाचली. मग सुनेला हाक मारली. ‘‘अगं, देवाने आधीच सोय करून ठेवली होती. आम्हीच कधी नीट ऐकलं नाही.’’

त्या पूजेला शिरा झाला तो तांदळाच्या रव्याचा, सव्वा मापाचाच, भरपूर तूप आणि केळी घालून. नातीसाठी वेगळा नव्हे, सर्वांसाठी एकच. शेजारणीने दुसऱ्यांदा मागून घेतला. गुरुजींनी कृती विचारली.

नातीने द्रोण दोन्ही हातांत धरला, आणि सवयीने आजीकडे पाहिले.

‘‘खा गं,’’ आजी म्हणाल्या. ‘‘तुझाच आहे.’’