केबल घ्यावी की फोनची तार?

ईएनटीसीला ॲडमिशन घेतली की सिलॅबसमध्ये नसलेला एक विषय आपोआप लागतो, तो म्हणजे नातेवाइकांचं नेट! लग्न असो की बारसं, कुणीतरी गाठतंच. "अगं, तू त्यातलीच ना? मग सांग, केबलचं घेऊ की फोनचं?" सगळ्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं. ते माझ्याकडे नाही. माझ्याकडे उलट एक प्रश्न आहे, आणि तो मला कॉलेजात नाही, दहावीत असताना आमच्या घरातच सापडला.

आधी थोडं टेक्निकल. बोअर करणार नाही, प्रॉमिस! या दोन्ही तारा मुळात इंटरनेटसाठी टाकलेल्याच नव्हत्या. फोनची तांब्याची जोडी बोलण्यासाठी होती. केबल टीव्हीसाठी होती. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास ती गच्च्यांवरून घराघरांत पसरू लागली. फोनवर बोलायला ४ किलोहर्ट्झपर्यंतची जागा पुरते, त्यावरची जागा रिकामीच असते. ती वापरायची युक्ती म्हणजे डीएसएल. २००५ मध्ये बीएसएनएलने 'डेटावन' आणलं ते याच युक्तीवर. डायल-अपची ती किर्रकिर्र थांबली आणि फोन व नेट एकाच वेळी चालू लागले. केबलवाल्यांनी कुठे टीव्हीच्याच वायरला मोडेम लावला, तर कुठे गल्लीपर्यंत फायबर आणून पुढे घराघरांत लॅनची वायर ओढली.

आता फरक बघा. फोनची जोडी एक्स्चेंजपर्यंत तुमच्या एकट्याची, पण अंतर वाढलं की वेग ओसरतो. एक्स्चेंजच्या जवळ एडीएसएल-२ प्लस २४ एमबीपीएसपर्यंत जातं, चार-पाच किलोमीटरवर मात्र त्याला धाप लागते. यात कुठल्या कंपनीचा दोष नाही, तांब्याचा स्वभावच तसा. केबलचं बरोबर उलटं. अंतराची फारशी काळजी नाही, पण वाटेकरी अख्खी गल्ली!

आमचं घर पाथर्डी फाट्याच्या पुढे, म्हणजे एक्स्चेंजपासून चांगलंच लांब. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. बाबा अंबडच्या एमआयडीसीत. एप्रिलपासून त्यांचा पगार अर्धा झाला. मग घर चालवायचं ते आईच्या मॅथ्सच्या क्लासवर. जूनमध्ये तिने स्वयंपाकघराच्या भिंतीला फळा टेकवला, डब्यांच्या चळतीवर मोबाइल उभा केला आणि ऑनलाइन क्लास सुरू केला. मुलं सोळा. दुसऱ्या आठवड्यात एका मुलाच्या आईचा फोन आला, "मॅडम, तुमचा आवाज तुटतो हो. फळा तर दिसतच नाही. आम्ही दुसरीकडे लावतोय." पंधरवड्यात सोळाची अकरा झाली. आई काही बोलली नाही, पण रात्री वहीत फीची बेरीज पुन्हा पुन्हा करत बसायची.

घरात दोन पार्ट्या पडल्या. बाबा फोनच्या बाजूने. "तार आपली स्वतःची आहे. केबल म्हणजे सार्वजनिक नळ, संध्याकाळी सगळ्यांनी तोट्या उघडल्या की आपल्याकडे थेंब थेंब." दादा केबलच्या बाजूने. आजीचं वेगळंच. "माझा फोन काढलात तर बघा! संगमनेरची ताई याच नंबरवर करते."

मी स्पीड टेस्ट लावली. खाली येणारा वेग साडेतीन एमबीपीएस. मला तर सिनेमा व्यवस्थित दिसायचा! मग आईलाच काय होतंय? तेव्हा खालचा आकडा पहिल्यांदा नीट वाचला. अपलोड, अर्धा एमबीपीएस. आई बघत नव्हती, दाखवत होती. तिचा आवाज आणि तिचा फळा घरातून बाहेर जायचा होता.

एडीएसएलमधला 'ए' म्हणजे असिमेट्रिक, हे मला नंतर इथे शिकवलं. साध्या एडीएसएलमध्ये वर पाठवायला साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झ, आणि खाली घ्यायला १३८ ते ११०४. म्हणजे घ्यायची वाट पाठवायच्या वाटेच्या आठ पटींहून रुंद! घरातली माणसं फक्त घेणार, असं धरूनच ते बनवलेलं. आपल्या सरकारी व्याख्याही तशाच. ब्रॉडबँड म्हणजे २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस, २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. तिन्ही वेळा आकडा डाउनलोडचाच.

मग बाबांच्या नळाची परीक्षा घ्यायची ठरली. शेजारच्या काकूंकडे केबलवाल्याचं नेट होतं. त्यांच्या ओट्यावर मास्क लावून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते आठ, दर अर्ध्या तासाने मी अपलोड मोजून वहीत लिहिला. प्लॅन १० चा होता. सर्वात वाईट आकडा सहा आला. बाबांनी वही दोनदा वाचली आणि म्हणाले, "बोलाव त्याला." केबलवाले काका आले, ड्रिलने भिंतीला भोक पाडलं आणि म्हणाले, "वहिनी, आपलं अप-डाउन सेम असतं." त्या वाक्याची किंमत आमच्या घरात आईला सगळ्यात आधी कळली.

आजीचा फोन राहिला. आजी हट्टी आहे म्हणून नाही हं! तांब्याच्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून त्याच तारेने येते. पावसाळ्यात लाइट गेली की आमचं नवं राउटर डोळे मिटायचं, आणि आजी अंधारात ताईशी गप्पा मारायची.

गेलेल्या पाचांपैकी तीन मुलं परत आली. २०२१ मध्ये दहावीची बोर्डाची परीक्षाच रद्द झाली, पण आईने भूमिती शेवटच्या प्रमेयापर्यंत शिकवली. त्या बॅचमध्ये मीही होते, हॉलमध्ये बसून, स्वयंपाकघरातल्या आईचा क्लास मोबाइलवर बघत!

आता बहुतेक ठिकाणी घरापर्यंत फायबरच येतं. पण नेहमीच्या जीपॉन फायबरमध्येही एक धागा बऱ्याच घरांत वाटलेला असतो, आणि त्याची क्षमता खाली अडीच गिगाबिट तर वर सव्वा. तेव्हा जाहिरातीतल्या मोठ्या आकड्याला लगेच भुलू नका. तुमच्या घरातून बाहेर काय जाणार आहे, कुणाचं आणि किती वाजता, ते आधी घरात विचारा. मग केबलवाल्याला किंवा फोनवाल्याला वरचा वेग विचारा, आणि जमलं तर संध्याकाळी शेजारच्यांच्या ओट्यावर बसून स्वतः मोजा.