अजून शिकतेच आहे का?

वार्तापत्राच्या या अंकासाठी आमच्या मुलीच्या शिक्षणाबद्दल लिहावे, असे शाळेतून सांगण्यात आले. आम्ही दोघेही याच शाळेचे माजी विद्यार्थी, आणि ती आमच्या घरातली इथे शिकलेली तिसरी पिढी. खरे तर तिनेच लिहायला हवे होते. पण तिच्याकडे वेळ नाही आणि आमच्याकडे भरपूर आहे.

काचीगुडा-सुलतान बाजार भागातले आमचे नातेवाईक लग्नकार्यात भेटले की एकच प्रश्न विचारीत, "अजून शिकतेच आहे का?" प्रश्न गैर नव्हता. मुलगी अमेरिकेत मानसशास्त्रात पीएच.डी. करायला गेली होती. पाच वर्षे विद्यापीठात, मग पदवी हाती पडण्याआधी एक वर्ष रुग्णालयात इंटर्नशिप. २०१७ साली ती डॉक्टर झाली, आम्ही पेढे वाटले, आणि महिन्याभरात तिचा फोन आला की आता पुनर्वसन मानसशास्त्रात दोन वर्षांची फेलोशिप करते. डॉक्टरेटनंतर पुन्हा उमेदवारी!

हा विषय विद्यार्थी मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. पक्षाघात, डोक्याला मार, मणक्याची इजा, पाय कापावा लागणे, अशा प्रसंगातून माणूस वाचतो, पण पुढे जगायचे कसे हा प्रश्न उरतो. फिजिओथेरपिस्ट चालवतो, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आंघोळ, कपडे, स्वयंपाक पुन्हा शिकवतो, स्पीच थेरपिस्ट बोलणे आणि गिळणे पाहतो. त्याच पथकात मानसशास्त्रज्ञ असतो. रुग्ण व्यायामाला नकार देतो तो नैराश्यामुळे, की मेंदूच्या इजेमुळे त्याला कोणत्याही कामाची सुरुवातच करता येत नाही, हे त्याने ओळखायचे. स्मरणशक्ती आणि लक्ष किती शाबूत आहे ते चाचण्यांनी तपासायचे. हा माणूस पुन्हा कामावर जाऊ शकेल का, यावर मत द्यायचे. आणि घरच्यांशी बोलायचे, जे बहुधा सर्वांत अवघड. हे पुस्तकातून येत नाही. म्हणून वॉर्डात अनुभवी मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली दोन वर्षे. अमेरिकेत या प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. विषय मात्र त्याहून जुना आहे. बाकू शहरात जन्मलेल्या तमारा डेम्बो आणि त्यांच्या सहकारी बिअ‍ॅट्रिस राइट यांनी दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांशी बोलून त्याचा पाया घातला. राइट यांचे पुस्तक १९६० चे. त्यांचे एक म्हणणे आम्हाला फार पटले : अपंगत्व आलेल्याने सतत दुःखीच असावे, अशी बाहेरच्या माणसांची अपेक्षा असते.

हे आम्हाला पटले ते २०१८ च्या ऑगस्टनंतर. आईंना, म्हणजे मुलीच्या आजीला, पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या उजव्या भागात गाठ अडकली, डावा हात-पाय गेला. भेटायला येणारे पलंगाशी बसून रडत आणि आईच त्यांची समजूत घालीत. मुलीच्या फेलोशिपचे एक वर्ष उरले होते. ती तीन आठवड्यांसाठी आली. सोडून द्यावी का, यावर घरात दोन मते होती, आणि ती नेमकी आम्हा दोघांचीच होती! शेवटी आईंनी तिला सांगितले, "तू जा. अर्धं टाकून येऊ नकोस. अर्धं म्हणजे काय ते मला विचार." ती गेली. 'नात पळाली' असेही कोणी म्हणाले.

आईंची तक्रार होती की आम्ही ताटात चटणी वाढत नाही. चटणी रोज वाढली जात होती, मीठ-कोशिंबिरीशेजारी, रीतीप्रमाणे डावीकडे. त्या ताटाची उजवी बाजू तेवढी संपवून हात धुवायला मागत. वर्तमानपत्राच्या ओळी मधूनच वाचायला लागत आणि "हल्ली काहीही छापतात" म्हणत. आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. मुलीने फोनवर सांगितले की डोळ्यांचा दोष नसतानाही असे होते. मेंदूच डाव्या बाजूची दखल घेत नाही. तिच्या वॉर्डात असे रुग्ण रोजचेच. मग तिने सांगितले तसे केले : ताटाच्या डाव्या कडेला लाल फीत, वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल स्केचपेनची रेघ. रेघ सापडल्याशिवाय वाचायला सुरुवात करायची नाही. आणि आम्ही आईंच्या डाव्या बाजूला बसायचे, म्हणजे बोलताना त्यांना तिकडे वळावे लागेल.

दुसरी सूचना कठीण होती. "आजीला भरवू नका, कपडे तिचे तिला घालू द्या." ब्लाऊजची बटणे लावायला आईंना पंचवीस मिनिटे लागत. सुनेने समोर बसून ते नुसते पाहायचे, ही शिक्षा कोणाला, असा प्रश्न पडे. शेजारी काय बोलत असतील ते सांगायला नको.

पालकांसाठी एक माहिती. या विषयासाठी अमेरिकाच गाठायला हवी असे नाही. १९८४ साली सिकंदराबादला सुरू झालेल्या आणि आज राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थान या नावाने चालणाऱ्या संस्थेत पुनर्वसन मानसशास्त्रात एम.फिल.पर्यंतचे शिक्षण दिले गेले आहे. असा अभ्यासक्रम निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, ते आधी पाहावे. विश्वस्तांना एक विनंती : अपघातानंतर शाळेत परतलेला मुलगा बाहेरून बरा दिसतो, पण चौथ्या तासाला थकतो, चिडतो, फळ्यावरचे उतरवताना मागे पडतो. डोक्याच्या इजेनंतर असे होऊ शकते, हे शिक्षकांना कोणी जाणकाराने येऊन सांगावे. आणि मागच्या दाराला उतरण करता आली तर पाहावी.

मुलगी आता एका पुनर्वसन रुग्णालयात काम करते आणि नव्या फेलोंना शिकवते. आईंनी ऐंशी ओलांडली आहे. डावा हात परत आला नाही. दिवाळीत त्या पोळपाटाखाली ओले फडके घालून एका हाताने करंज्यांच्या पाऱ्या लाटतात. वाकड्या होतात. भरायच्या आम्ही.