सिव्हिल लाइन्सचं सेसिल

दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समधला एकच पत्ता मराठी माणसाला पाठ असतो: 26, अलीपूर रोड. 1951 मध्ये मंत्रिपद सोडल्यावर बाबासाहेब तिथे राहायला गेले आणि 6 डिसेंबर 1956 रोजी तिथेच त्यांचं महापरिनिर्वाण झालं. त्याच वस्तीत हॉट्झ कुटुंबाचं सेसिल हॉटेल होतं. बाबासाहेबांनंतर चार वर्षांत तेही संपलेलं होतं.

सेसिल म्हटलं की लोकांना सिमला आठवतो. मोहनसिंग ओबेरॉय यांनी 1922 मध्ये कारकुनी धरली ते सेसिल तिकडचं. पुढे तेच त्याचे मालक झाले आणि त्यांच्या भरभराटीबरोबर त्याचं नावही मोठं झालं. दिल्लीच्या सेसिलला असा वाली भेटला नाही.

त्याचा काळ मात्र थोर होता. 12 डिसेंबर 1911 च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा झाली खरी, पण नव्या दिल्लीचं उद्घाटन व्हायला 1931 उजाडलं. मधली बरीच वर्षं साम्राज्याचा गाडा शहराच्या या उत्तर टोकावरून हाकला गेला. आज दिल्लीची विधानसभा भरते त्या जुन्या सचिवालयात मध्यवर्ती कायदेमंडळ बसे, पुण्याचे न. चिं. केळकर त्याचे सभासद होते. उतरायला ऐटबाज जागा म्हणजे 1903 चं मेडन्स आणि हे सेसिल.

मग शहरच दक्षिणेकडे सरकलं. 1936 मध्ये इम्पीरियल हॉटेल उघडलं, 1956 मध्ये युनेस्कोच्या परिषदेसाठी सरकारने अशोक बांधलं. बडा पाहुणा उत्तरेला कशाला येईल? 1943 पासून ओबेरॉयांच्या हाती असलेलं मेडन्स तगलं. सेसिलची जागा जेझुइट पाद्र्यांनी घेतली आणि 1960 मध्ये तिथे सेंट झेवियर्स शाळा सुरू झाली.

मला हा शेवट बरा वाटतो. मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलची दैना पाहा! 1896 मध्ये ल्युमिएर बंधूंची चलत्‌चित्रं भारतात पहिल्यांदा दिसली ती या ओतीव लोखंडाच्या इमारतीत. पुढे खोल्यांचे गाळे झाले, सज्जे ढासळले, आणि 2019 मध्ये ती रिकामी करावी लागली. सेसिलच्या वाट्याला निदान ही परवड आली नाही.

राग येतो तो दिल्लीचा. मोगल आणि नवी दिल्ली रचणारे लट्यन्स यांच्या मधली ही वर्षं ती खुशाल गाळून टाकते. मेडन्समध्ये चहाला जाणाऱ्यांनी सेसिलची जागा पाहायला राज निवास मार्गाकडे जरा वाट वाकडी करावी. शाळेचा पहारेकरी आत सोडेलच असं नाही.