बक्षिसीचे ऋण

स्मरणरंजन म्हटले की आपण समीक्षक नाक मुरडतो. मीही मुरडत असे. ‘अलाबामा’ या अमेरिकन कंट्री बँडच्या १९९७ सालच्या ‘डान्सिन, शॅगिन ऑन द बुलेव्हार्ड’ या गाण्याने ती खोड मोडली. दक्षिण कॅरोलायनातील मर्टल बीच या किनारी गावी, ‘द बावरी’ नावाच्या बारमध्ये, रँडी ओवेन आणि त्याचे भाऊबंद १९७३पासून अनेक उन्हाळे गिऱ्हाइकांच्या बक्षिसीवर गात होते. पुढे कीर्ती आली. तरी गाणे रचले ते त्याच गावावर, तिथल्या शॅग नृत्यावर. बारशेजारचे पॅव्हिलियन करमणूक-उद्यान २००६ साली बंद झाले. गिटारवादक जेफ कुक २०२२ साली निवर्तला. गाणे उरले. बक्षिसी टाकणाऱ्यांची नावे कोण लक्षात ठेवणार? मग रस्त्याचे नाव घ्यायचे. ऋणनिर्देश याहून वेगळा काय असतो?