‘देवावर सोडलंय’ असं मी म्हणायचो

“देवावर सोडलंय.” गेली सहा वर्षं कुणी दादाविषयी विचारलं की मी एवढंच म्हणायचो. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचं भांडण झालं, नको ते बोलून गेलो आणि त्या दिवसापासून बोलणं तुटलं. दोघांच्या घरांमध्ये केळीच्या चार ओळींचं अंतर आहे. रोज रात्री जपमाळ म्हणताना मी त्याच्यासाठी प्रार्थना करायचो. देवाने त्याचं मन वळवावं, त्याने आपणहून यावं. हीच श्रद्धा, असं मला वाटत होतं. आता तसं वाटत नाही, म्हणून हे लिहितोय.

आम्ही वसईचे कॅथलिक. नाताळाआधीचे चार रविवार आमचा आगमनकाळ असतो. चर्चमध्ये हिरव्या पानांच्या कड्यावर दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते. तीन जांभळ्या, एक गुलाबी. घरी येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्याची तयारी सुरू होते. गोठ्यातल्या हिरवळीसाठी आम्ही करवंट्यांमध्ये नाचणी पेरतो. लहानपणी हे काम आम्हा दोघांचं. पेरायचो मी, पाणी मात्र दादाच शिंपडायचा. माझा हात सढळ. मी ओतलं की सगळे दाणे एका कडेला वाहून जायचे.

२०२५ साली १४ डिसेंबरला तिसरा रविवार होता, गुलाबी मेणबत्तीचा, आनंदाचा. शुभवर्तमानाचा उतारा मात्र तुरुंगातला. यार्देन नदीकाठी लोकांना ‘तयारीला लागा’ म्हणून सांगणारा योहान आता हेरोदाच्या कैदेत आहे. तिथून तो आपल्या शिष्यांना येशूकडे पाठवतो आणि विचारायला लावतो, जो येणार होता तो तूच ना, की आम्ही आणखी कुणाची वाट पाहायची?

हा उतारा मी किती वेळा ऐकला असेन. पण त्या दिवशी तो मला लागला. कोठडीत योहानाच्या हाती काय उरलं होतं? निरोप धाडणं, एवढंच. तेवढं त्याने केलं. मनातली शंकासुद्धा लपवली नाही. येशूची आई मरिया, तिचंही तेच. स्वतः गरोदर असताना ती लगबगीने डोंगराळ मुलुखात गेली आणि उतारवयात दिवस गेलेल्या एलिझाबेथकडे सुमारे तीन महिने राहिली.

त्याच रविवारच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, याकोबाच्या पत्राचं वाचन होतं. त्यातला शेतकरी पावसाची धीराने वाट पाहतो. मी स्वतः वाडी करतो. पाऊस माझ्या हातात नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण म्हणून कुणी खणणी पावसावर सोडत नाही. वाफे आधीच बांधून ठेवावे लागतात. दादाच्या बाबतीत मी कुदळसुद्धा उचलली नव्हती. सहा वर्षं मी माझा अहंकार जपमाळेआड लपवला आणि त्याला देवावरचा भरवसा म्हणत राहिलो.

चौथ्या रविवारी मिस्सानंतर मी नाचणी उगवलेली एक करवंटी घेतली आणि केळीच्या त्या चार ओळी ओलांडल्या. वहिनी दारात थबकल्या, मग त्यांनी करवंटी हातात घेतली. दादा ओटीवर बसला होता. घरून ठरवून नेलेलं सगळं विसरलो. “दादा, त्या दिवशी चूक माझी होती,” एवढंच बोललो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग वहिनींच्या हातातल्या करवंटीकडे पाहून म्हणाला, “पाणी जास्त झालंय.”

‘आत ये’ म्हणाला नाही. मीही थांबलो नाही.

पुढे काय होईल, ते माझ्या हातात नाही. मी अजून वाट पाहतोच आहे. पण आता ‘देवावर सोडलंय’ म्हणताना जीभ अडखळत नाही, कारण माझ्याकडून करायचं ते मी केलंय आणि उरलंय ते खरोखरच त्याचं आहे.

घरी येऊन मी बाकीच्या करवंट्या एकेक करून तिरक्या धरल्या आणि साचलेलं पाणी निथळू दिलं.